तळावरची प्रकाशजाळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जलतरण तलावाचे संगणकीय चित्र करताना पाण्यातून तळावर पडणारी प्रकाशाची जाळी खरी कशी वाटावी, याविषयीची काही पत्रे आमच्याकडे साठली होती. ती सगळी एकाच विषयावरची असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. या जाळीला संगणकचित्रणात ‘कॉस्टिक’ असे म्हणतात. कॉस्टिक सोड्यातला कॉस्टिक तो हाच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाळणारा’ असा आहे, आणि भिंगाने उन्हात कागद जाळून पाहिलेल्या कोणालाही या नावाचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीतल्या सायकल्स रेंडररमध्ये (प्रकाशाचा हिशोब करून अंतिम चित्र काढणाऱ्या भागात) एक तलाव केला आहे. पाण्याला काचेचे मटेरियल देऊन अपवर्तनांक १.३३ ठेवला, वर सूर्यदिवा लावला, सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे सोडायचे किरण) ४०९६ पर्यंत वाढवली. तरीही तळ काळपट दिसतो आणि जाळीऐवजी इकडेतिकडे पांढरे ठिपके उमटतात. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांत चूक नाही, अडचण रेंडरर ज्या रीतीने प्रकाश शोधतो त्या रीतीत आहे. जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलेल्या पाथ ट्रेसिंगमध्ये किरण सूर्याकडून निघत नाही, तर कॅमेऱ्याकडून निघतो. तो पाण्यात शिरून तळाच्या फरशीवर पोचला, की रेंडरर तिथून सरळ सूर्याच्या दिशेने एक तपासणीचा किरण सोडतो आणि वाट मोकळी आहे का ते पाहतो. उघड्या अंगणात हा हिशोब चोख चालतो. तलावात मात्र मधे पाण्याचा पृष्ठभाग आडवा येतो, आणि त्या पृष्ठभागावर प्रकाश वाकत असल्याने सरळ रेषेतली तपासणी निरुपयोगी ठरते. रेंडररच्या लेखी फरशी सावलीत आहे.

उरतो तो नशिबाचा भाग. फरशीवरून यदृच्छेने उसळलेला किरण पाण्याबाहेर पडताना वाकून नेमका सूर्याच्या तबकडीवर आदळला, तरच त्या पिक्सेलला ऊन मिळते. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे तो ऐन डोक्यावर असला तरी सुमारे ८० हजार किरणांमागे एखादाच त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणजे ४०९६ सॅम्पल्स देऊनही साधारण दर २० पिक्सेलांमागे एकालाच ऊन लागते, आणि ज्याला लागते त्याला शेजारच्या १९ जणांच्या वाट्याचेही लागते. आपल्याला दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. या व्यवसायातले लोक त्यांना ‘फायरफ्लाय’ म्हणतात आणि आपल्या ‘काजवा’ या शब्दाला ते नाव शोभूनही दिसते. त्यातच सायकल्समधली ‘क्लॅम्प इनडायरेक्ट’ ही मर्यादा मुळातच १० वर ठेवलेली असते. ती या काजव्यांचे तेज छाटून टाकते, आणि छाटलेले तेज दुसरीकडे कुठेच जमा होत नाही. ठिपके आणि काळपटपणा ही एकाच हिशोबाची दोन टोके आहेत. अशा चित्रावर डीनॉइझर (ठिपके पुसून चित्र स्वच्छ करणारे साधन) चालवल्यास तो काजव्यांना पसरवून तळावर तेलाच्या तवंगासारखे डाग करतो. जाळी कधीच परत आणत नाही, कारण ती त्याला मिळालेलीच नसते.

उपाय दोन दिशांनी निघाले. पहिला असा, की काही किरण सूर्याकडून सोडावेत आणि ते कुठे पडतात याची नोंद ठेवावी. हेनरिक वान येन्सेन यांचे १९९६ चे फोटॉन मॅपिंग या वाटेचे आहे, आणि व्ही-रे, कोरोना किंवा लक्सकोअररेंडर वापरणाऱ्यांना कॉस्टिकसाठी जी स्वतंत्र सोय दिसते तिच्या मुळाशी दिव्याकडून निघालेल्या किरणांचीच कल्पना असते. दुसरा उपाय असा, की फरशीपासून सूर्यापर्यंतच्या वाटेचा अंदाज धरून, पाण्याच्या पृष्ठभागावरचा वळणबिंदू गणिताने सरकवत सरकवत स्नेलच्या, म्हणजे अपवर्तनाच्या, नियमात अचूक बसवायचा. सायकल्समध्ये २०२२ साली, ३.२ या आवृत्तीत, ‘शॅडो कॉस्टिक्स’ ही जी सोय आली ती या दुसऱ्या प्रकारची. तिच्यासाठी तीन ठिकाणी खुणा कराव्या लागतात : सूर्यदिव्याच्या गुणधर्मांत, पाण्याच्या वस्तूवर ‘कास्ट’ आणि तळाच्या वस्तूवर ‘रिसीव्ह’. यांतली एक राहिली तरी काहीच घडत नाही आणि रेंडरर तक्रारही करत नाही. पाण्याचे मेश (छोट्या चौकोनांनी बनलेला आकार) स्मूथ शेडिंगचे, म्हणजे चौकोनांच्या कडा न दिसता गुळगुळीत दिसणारे, असावे लागते. ही सोय फक्त अपवर्तित प्रकाशाची जाळी दाखवते, परावर्तित प्रकाशाची नाही, आणि वाटेत चारपेक्षा अधिक अपवर्तक पृष्ठभाग चालत नाहीत.

या चारच्या मर्यादेवरून एक जुनी फजिती आठवते. पाण्याचे ठोकळ्यासारखे मेश फरशीत घुसू नये म्हणून मी ते चहूबाजूंनी दोन मिलिमीटर आत घेतले होते. दिसायला ते नीटनेटके होते. परंतु रेंडररला त्या दोन मिलिमीटरांत हवा दिसत होती. वरून पाण्यात शिरलेला किरण बाजूच्या भिंतीशी पोचला, की त्याला पाण्यातून पुन्हा हवेत निघावे लागे. पाण्यातून हवेत जाताना ४८.६ अंशांपलीकडे पूर्ण आंतरिक परावर्तन होते, त्यामुळे भिंतींच्या फरशा गायब होऊन त्यांच्या जागी आरशासारख्या रुपेरी पट्ट्या आल्या. दोन रात्री मी सूर्याचे आकडे बदलत बसलो. पाण्याचे मेश भिंतीत आणि तळात थोडे घुसवले, की प्रश्न संपतो. आपल्याही तलावात हे एकदा तपासून पाहा.

प्रश्न : माझ्या चित्रात जाळी उमटते, परंतु ती कधी पुसट पट्ट्यांसारखी तर कधी वाळूवरच्या कोरीव रेघांसारखी दिसते. खोली, लाटा आणि ऊन यांतले नेमके काय बदलावे हे समजत नाही. प्रत्येक वेळी अंदाजानेच आकडे फिरवावे लागतात.

उत्तर : अंदाजाची गरज नाही, कारण पाण्यावरचा प्रत्येक उंचवटा हे एक बहिर्वक्र भिंग आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर काढता येते. बहुतेक जण तळाकडे पाहून जाळी सुधारू पाहतात. ती मात्र वर पृष्ठभागावर ठरलेली असते; तळ हा केवळ पडदा होय.

पाण्याचा अपवर्तनांक चार तृतीयांशाच्या जवळपास असल्यामुळे वरून सरळ येणारा प्रकाश उंचवट्याच्या वक्रतात्रिज्येच्या चौपट खोलीवर एकवटतो. साध्या नागमोडी लाटेसाठी हिशोब असा बसतो : तरंगलांबीच्या वर्गाला आयामाच्या दहापटीने भागावे, म्हणजे जाळी सर्वांत धारदार दिसण्याची खोली मिळते. सगळी मापे मीटरमध्ये घ्यावीत. तरंगलांबी ३० सेंटिमीटर आणि आयाम ५ मिलिमीटर असेल, तर ०.०९ भागिले ०.०५, म्हणजे १.८ मीटर. हा आयाम सरासरी पातळीपासून मोजायचा आहे, उंचवट्यापासून खोलग्यापर्यंतचे अंतर त्याच्या दुप्पट भरेल. म्हणजे एकूण चढउतार जेमतेम एका बोटाच्या जाडीचा असूनही पुरुषभर पाण्यात जाळी ऐन भरात येते. तेवढ्याच आयामाची लाट ६० सेंटिमीटर लांबीची केली, तर एकवटण्याची खोली सात मीटरांपलीकडे जाते आणि तळावर नुसत्या रुंद, मवाळ पट्ट्या उरतात. आपल्या पुसट पट्ट्यांचे कारण बहुधा हेच असावे. उलट १० सेंटिमीटर लांबीची आणि केवळ १ मिलिमीटर आयामाची लहर एका मीटरवरच एकवटते. उथळ बाजूला बारीक जाळी पाडायची असेल, तर तिथे अशा लहरी हव्यात.

एकवटण्याच्या खोलीच्या खाली तळ असेल, तर किरण एकमेकांना ओलांडून पुढे गेलेले असतात; प्रत्येक रेघ दुभंगते, जाळीवर जाळी चढते आणि एकंदर तेज मवाळ होते. म्हणून उतरत्या तळाच्या तलावात एका टोकाला रेघा कातरल्यासारख्या आणि दुसऱ्या टोकाला विरघळल्यासारख्या दिसायला हव्यात. तळभर एकसारखी धार दिसली, की पाहणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते खरे.

आता सूर्याचे माप. सूर्याची तबकडी ०.५३ अंशाची आहे. पाण्यात शिरताना हा कोन सुमारे ०.४ अंशावर येतो. त्यामुळे दोन मीटर खोलीवर प्रत्येक रेघ साधारण १.४ सेंटिमीटरने आपोआप पसरते. आपल्या सूर्यदिव्याचा कोन शून्य असेल, तर हा पसरटपणा नाहीसा होतो आणि आपण म्हणता तशा कोरीव रेघा उमटतात. सावल्या मऊ याव्यात म्हणून कोणी हा कोन ५ अंश ठेवला, तर त्याच खोलीवर प्रकाश १३ सेंटिमीटर पसरतो आणि जाळीच उरत नाही. हा आकडा ०.५३ ठेवावा आणि नंतर त्याला हात लावू नये. ढगाळ आकाशाच्या चित्रात जाळी दिसतच नाही, तिथे ती ओढूनताणून आणू नये.

राहिले मेशचे. दहा सेंटिमीटरची लहर नीट उमटायला तिच्या लांबीत निदान दहा बिंदू हवेत, म्हणजे बिंदूंमधले अंतर एक सेंटिमीटर. आठ मीटर बाय चार मीटरच्या तलावाला त्यामुळे ३ लाख २० हजार चौकोन लागतात. आजच्या यंत्रांना हे काही जड नाही, तेव्हा लाटा नुसत्या बंप मॅपने (आकार न बदलता उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राने) भासवण्यापेक्षा खऱ्याखुऱ्या उंचसखल कराव्यात. एकाच दिशेने जाणाऱ्या लाटेतून समांतर पट्टे मिळतात, घरे मिळत नाहीत. निदान तीन दिशांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींवर टाकाव्यात. तलावाच्या भिंती लाटा परतवतात, त्यामुळे एखादी दिशा भिंतीला काटकोनात आणि एखादी तिरपी असावी. समुद्रासाठी तयार केलेले लाटांचे मॉडिफायर (मेशचा आकार आपोआप बदलणारी साधने) इथे जसेच्या तसे वापरल्यास तलाव खाडीसारखा दिसतो, कारण त्यांतले बळ लांब लाटांत असते.

प्रश्न : माझ्याकडे शक्तिशाली यंत्र नाही आणि चित्रे वेळेत द्यावी लागतात. जाळीचे तयार टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) तळावर चिकटवले तर चालेल का? काही सहकारी त्याला लबाडी म्हणतात.

उत्तर : लबाडी जरूर करावी, मात्र तिचा हिशोब चुकू देऊ नये. चित्र पाहणाऱ्याला किरणांची वंशावळ ठाऊक नसते.

पहिले पथ्य असे, की जाळी फरशीच्या रंगात मिसळू नये, दिव्याच्या प्रकाशात मिसळावी. रंगात मिसळलेली जाळी शिडीच्या सावलीतही तशीच चमकत राहते, आणि सावलीत चमकणारे ऊन कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. सायकल्समध्ये ‘लाइट पाथ’ या नोडच्या (मटेरियल जुळवण्याच्या एका ठोकळ्याच्या) साहाय्याने सावलीच्या किरणांपुरते पाणी पारदर्शक करता येते. तसे केले, की ऊन न वाकता सरळ तळावर उतरते आणि ठिपके नाहीसे होतात. मग त्या उन्हाच्या वाटेत टेक्स्चर धरायचे, जसे नाटकात दिव्यापुढे नक्षीची पट्टी धरतात. असे केल्यास उभ्या भिंतींवर जाळी आपोआप लांबट होऊन पडते. तेच टेक्स्चर तळावर आणि भिंतीवर सारख्याच मापाने चिकटवले, तर तलाव आतून कागद लावलेल्या खोक्यासारखा वाटतो.

दुसरे पथ्य तेजाच्या जमाखर्चाचे. पाणी प्रकाश निर्माण करत नाही, फक्त इकडचा तिकडे नेते. रेघेत जे जादा तेज आहे ते शेजारच्या घरांतून आलेले असते. म्हणून टेक्स्चरची सरासरी किंमत १ असावी. रेघा २ किंवा ३ पर्यंत जाऊ द्याव्यात, पण मधली घरे ०.६ किंवा ०.७ पर्यंत उतरायलाच हवीत. अनेक चित्रांत सपाट उजेडावर नुसत्या पांढऱ्या रेघा वाढवलेल्या असतात, आणि तळ दिवाळखोर न होता उधळपट्टी करत असल्यासारखा दिसतो.

तिसरी गोष्ट रेघेच्या स्वभावाची आहे, आणि माझ्या मते खरे-खोटे इथेच ओळखू येते. व्होरोनोई नावाचे टेक्स्चर या कामासाठी सर्रास वापरतात. त्याची घरे बहुभुज असतात आणि रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच विरत जाते. खरी रेघ तशी नसते. तिची एक बाजू कापल्यासारखी असते आणि दुसऱ्या बाजूला तेज हळूहळू ओसरते. रेघा बहुधा जोडीने येतात, आतल्या बाजूला तेज साठवतात आणि जिथे जोडी मिळते तिथे टोकदार चोच तयार होते. एखादा गोल कप तिरप्या उन्हात धरून त्याच्या तळाशी पाहा : तिथल्या वक्र रेघेला ही चोच आणि ही एकतर्फी धार दोन्ही असतात. व्होरोनोई वापरायचेच असेल, तर आधी त्याला नॉइझने (यादृच्छिक नक्षीने) चांगले वेडेवाकडे करावे आणि दोन वेगळ्या मापांच्या थरांचा गुणाकार घ्यावा. त्यानंतर सरासरी पुन्हा १ वर आणावी.

याहून बरा मार्ग मधला आहे. लाटांच्या मेशचा प्रत्येक छोटा चौकोन अपवर्तनाने तळावर कुठे पडतो ते काढायचे आणि मूळ क्षेत्रफळाला पडलेल्या क्षेत्रफळाने भागायचे. चौकोन आकुंचला तर तेज वाढते, पसरला तर घटते, आणि जमाखर्च आपोआप जुळतो. गेम इंजिनांतला आणि ब्राउझरमधला तलाव क्षणात जाळी दाखवतो तो याच युक्तीने. एकदा अशी चित्रमालिका काढून ठेवली, की ती दिव्यापुढे हव्या त्या प्रकल्पात धरता येते.

प्रश्न : पाणी निळे दिसावे म्हणून मी मटेरियललाच निळा रंग दिला, तर पायऱ्यांवरचे वितभर पाणीही तितकेच निळे झाले. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : पृष्ठभागाला रंग देऊ नये, तो पांढराच ठेवावा, रंग पाण्याच्या जाडीने यायला हवा. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी शोषणगुणांक मीटरमागे सुमारे ०.३४ आहे, ५५० च्या हिरव्यासाठी ०.०५६ आणि ४५० च्या निळ्यासाठी ०.०१ च्या आसपास. दोन मीटर खोल तळापर्यंत जाऊन परत येईतो प्रकाशाचा चार मीटरांचा प्रवास होतो. त्यात तांबडा जेमतेम पावभाग उरतो, हिरवा ८० टक्के आणि निळा ९६ टक्के. पांढऱ्या फरशीवर जो मोरपिशी रंग दिसतो तो या वजाबाकीतून येतो. अर्ध्या मीटर पाण्यात मात्र तांबडाही ७० टक्क्यांवर टिकतो, म्हणून पायऱ्या जवळजवळ पांढऱ्याच दिसतात.

सायकल्समध्ये ‘व्हॉल्यूम ॲब्सॉर्प्शन’ नोडला घनता ०.३४ द्यावी आणि रंगाचे तीन आकडे ०, ०.८३५ आणि ०.९७ ठेवावेत. नोड रंगाचा आकडा एकातून वजा करून घनतेने गुणतो, त्यामुळे वरचे गुणांक बरोबर मिळतात. अट एवढीच, की दृश्याचे एकक मीटर असावे. तलाव चुकून दहापट मापाने केलेला असेल, तर तळ शाईसारखा होईल आणि दोष नोडला दिला जाईल.

प्रश्न : पाण्यातून जाताना प्रकाशाचे रंग फाकतात असे वाचले. जाळीला इंद्रधनुषी कडा द्याव्यात का?

उत्तर : शेवटच्या दिवशी वेळ उरला तर. सूर्य ४५ अंशांवर असताना दोन मीटर खोलीत तांबडा आणि निळा किरण एका सेंटिमीटरपेक्षाही कमी अंतराने वेगळे पडतात, आणि सूर्याच्या तबकडीमुळे येणारा पसरटपणा त्याहून मोठा आहे. कडेला किंचित कोमट आणि किंचित थंड छटा येते, इतकेच. सात रंग मोजता आले तर ते जास्तीचे झाले, असे खुशाल समजावे.

प्रश्न : जाळी उत्तम उमटली आहे, परंतु मुख्य कॅमेऱ्यातून ती दिसतच नाही, पाण्यात केवळ आकाश दिसते. वरून पाहिले तर सगळे ठीक आहे. शिवाय हालचालीच्या चित्रफितीत जाळी यांत्रिक वाटते.

उत्तर : कॅमेरा फार खाली आहे. सरळ वरून पाहताना पाणी दोनच टक्के प्रकाश परतवते. लंबाशी ६० अंशांचा कोन झाला, की ६ टक्के होतात, आणि ८० अंशांवर तर ३५ टक्के. पलीकडे उजळ आकाश असेल, तर तेवढे प्रतिबिंब तळाला झाकून टाकायला पुरते. कॅमेरा उंच घ्यावा, किंवा त्या कोनातून पाण्यात उजळ आकाशाऐवजी गडद झाडी वा भिंत प्रतिबिंबित होईल अशी मांडणी करावी. प्रतिबिंबाचे प्रमाण मटेरियलमध्ये कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग पाणी जिलेटिनसारखे दिसते.

चित्रफितीतला यांत्रिकपणा बहुधा सगळ्या लाटा एकाच वेगाने सरकवल्यामुळे येतो. पाण्यावर लांब लाट अधिक वेगाने धावते : ३० सेंटिमीटरची सेकंदाला सुमारे ०.६८ मीटर, तर चौपट लांबीची, म्हणजे १.२ मीटरची, त्याच्या दुप्पट वेगाने. प्रत्येक थराला त्याच्या लांबीप्रमाणे वेग दिला, की लाटा एकमेकींना मागे टाकतात आणि रेघा मधेच जुळतात, तुटतात, एखादे घर मिटून दुसरे उघडते. तयार टेक्स्चर नुसते सरकवून हे साधत नाही. घरे तशीच राहतात आणि सतरंजी ओढल्यासारखी सगळी जाळी एकदम चालू लागते. टेक्स्चरवरच काम भागवायचे असेल, तर दोन थर वेगळ्या दिशांनी, लहान घरांचा हळू आणि मोठ्या घरांचा वेगाने, असे सरकवून त्यांचा गुणाकार घ्यावा, आणि आवर्तन पुन्हा सुरू होण्याची जागा चित्रफितीच्या लांबीबाहेर ठेवावी.